दुधावर नजर, तशी पाण्यावर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला दोन शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. व्यासपीठावर उभे राहून बोलणे हा माझा प्रांत नव्हे. माझी चौतीस वर्षांची नोकरी एका शहराच्या पाणीशुद्धीकरण केंद्रातील प्रयोगशाळेत गेली. परीक्षानळ्या धुवायच्या, नमुने तपासायचे आणि नोंदवहीत आकडे लिहायचे, एवढेच मला येते. चिटणीसबाई म्हणाल्या, "मग त्याच आकड्यांविषयी बोला की!" त्यांना नाही म्हणणे आपल्यापैकी कोणाला जमले आहे, ते मला जमावे?

परंतु मी उभी राहिले त्याला आणखी एक कारण आहे. मनात वर्षभर एक सल आहे. तो आज सर्वांसमक्ष बोलून टाकावा, असे ठरवून आले आहे.

गेल्या श्रावणातली आपली मंगळागौर आठवा. झिम्मा, फुगड्या, पिंगा, सारे कसे दृष्ट लागण्यासारखे झाले. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपल्यातल्या अकरा जणी उलट्याजुलाबांनी अंथरुणाला खिळल्या. दोघींना तर सलाईन लावावे लागले. मग चर्चा सुरू झाली. फराळाचे कोणी केले होते? मटकीची उसळ आंबली होती का? डाळ कधीची वाटलेली होती? ज्या भगिनीने पहाटे चारला उठून चाळीस पानांचा फराळ केला, तिच्या हाताला नावे ठेवली गेली. समोर कोणी बोलले नाही. पण न बोलता जे बोलले जाते ते अधिक लागते. त्या दिवसापासून त्या मंडळात आल्या नाहीत. आजच्या कार्यक्रमालाही त्या येणार नव्हत्या. मी काल त्यांच्या घरी जाऊन हात जोडले, म्हणून त्या मागच्या रांगेत येऊन बसल्या आहेत.

आता मला जे ठाऊक होते ते सांगते. आजारी पडलेल्या अकराजणींपैकी दोघींना त्या दिवशी उपवास होता. त्यांनी फराळाला हातसुद्धा लावला नव्हता. आपल्या सभागृहातल्या नळाच्या पाण्याचे लिंबाचे सरबत मात्र त्या दोघींनी घेतले होते. उलट, उरलेल्या फराळाचा डबा त्या भगिनीच्या घरी गेला. तिथे चौघांनी तो रात्री खाल्ला आणि चौघेही ठणठणीत राहिले. त्यांचे घर पलीकडच्या आळीत. तिथले पाणी दुसऱ्या जलकुंभातून येते. चौथ्या दिवशी मी माझ्या कपाटातली क्लोरीन तपासण्याची पेटी काढून आपल्या नळाचे पाणी तपासले. त्यात औषधाची गोळी टाकली की गुलाबी रंग यावा लागतो. पाणी पांढरेच राहिले. आठ दिवसांनी कोपऱ्यावर खोदकाम झाले, तेव्हा गटारातून गेलेल्या नळाला गंजून भोक पडलेले सापडले.

हे मी तेव्हा दोन-तीन घरी सांगितले आणि गप्प बसले. "झाले गेले, कशाला उकरायचे," असे म्हटले. माझी चूक इथेच झाली नाही. ती पेटी माझ्या कपाटात सहा वर्षे होती. मंगळागौरीच्या सकाळी ती काढून एक गोळी नळाच्या पाण्यात टाकायला मला तीन मिनिटे लागली नसती. जन्मभर शहराचे पाणी तपासणारी बाई आपल्याच मंडळाचे पाणी तपासायला विसरली.

भगिनींनो, ज्या तऱ्हेने आपण हे कोडे उलगडले, त्याच तऱ्हेने ते १८५४ साली लंडनमध्ये उलगडले होते. सोहो भागात पटकीची साथ आली. पटकी दुर्गंधीने, खराब हवेने होते असे त्या काळी थोरथोर डॉक्टरही मानत. जॉन स्नो नावाचा एक डॉक्टर घरोघर फिरला आणि कोण कुठले पाणी पितो याची यादी त्याने केली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाभोवती मृत्यू दाटले होते. पण त्याला खरा पुरावा दिला तो दूरच्या एका विधवा बाईने. ही बाई हॅम्पस्टेडला राहत असे. तिथे साथ नव्हती. तरी ती पटकीने गेली. चौकशी करता कळले की तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडे, म्हणून ते पाणी ती मुद्दाम आणवून घेई. आपल्या उपवास असलेल्या दोघींची गोष्ट याहून निराळी नाही.

पुढे १८९२ साली जर्मनीत हॅम्बर्ग शहरात पटकी आली आणि साडेआठ हजारांहून अधिक माणसे दगावली. हॅम्बर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळता देत असे. लगतचे आल्टोना गाव त्याच नदीचे, खालच्या अंगाचे म्हणून अधिकच घाण पाणी घेई. पण ते वाळूच्या थरांतून गाळून देई. आल्टोना जवळजवळ वाचले. काही ठिकाणी तर रस्त्याच्या एका बाजूला साथ होती आणि दुसऱ्या बाजूला नव्हती! त्यावरून रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाने आग्रह धरला की गाळून आलेले पाणी रोज तपासावे आणि तेही प्रत्येक गाळणीचे वेगवेगळे. पाणी एकदा शुद्ध करून भागत नाही, ते शुद्ध होत आहे की नाही हे पाहत राहावे लागते, हा विचार तिथून रुजला.

पाहत राहावे, म्हणजे किती वेळा? इथे मी तुम्हांला आपल्या चुलीपाशी नेते. आपण दूध तापत ठेवतो. दुपारी बाराला एकदा डोकावून, "दूध ठीक आहे," असे वहीत लिहून बाहेर गेले तर काय होईल? दूध उतू जायला अर्धे मिनिट लागते आणि नेमके आपली पाठ वळली की ते उतू जाते. पाण्याचेही तसेच आहे. नदीला लोंढा येतो तो घड्याळ पाहून येत नाही. क्लोरीनची टाकी रिकामी होते ती रात्री दोनला. नमुना मात्र सकाळी दहाला घेतलेला असतो.

शिवाय जंतूंची परीक्षा वेळखाऊ आहे. पाण्यातले जंतू पोषक रसात घालून उबेत ठेवावे लागतात, ते वाढावे लागतात, मग दिसतात. त्याला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी एक सोपी बाटली तयार केली. तिच्यात दूषित पाणी ओतून ठेवले की ते काळे पडते. खेडोपाडी तिचा फार उपयोग झाला. पण तिलाही एक-दोन दिवस लागतातच. आज प्यालेले पाणी वाईट होते हे परवा कळते! म्हणून जंतू मोजण्याची ही परीक्षा सोडायची नाही, पण तिच्या जोडीला अशा खुणा धरायच्या की ज्या क्षणाक्षणाला मोजता येतील. त्या खुणा अखंड मोजणारी यंत्रे आज जलशुद्धीकरण केंद्रांत नळाला जोडून बसवतात. ती कशी चालतात ते थोडक्यात सांगते. घाबरू नका, पाककृतीपेक्षा ते कठीण नाही.

पहिली खूण गढूळपणाची. सकाळी खिडकीतून कवडसा येतो तेव्हा त्यात धुळीचे कण चमकताना आपण पाहतो. धूळ खोलीभर असते, पण उजेड तिच्यावर पडून बाजूला फाकतो म्हणून दिसते. यंत्रातही तसेच आहे. वाहत्या पाण्यातून प्रकाशाचा झोत सोडायचा आणि काटकोनात किती उजेड फाकला ते मोजायचे. पाणी डोळ्याला स्वच्छ दिसते तेव्हाही यंत्राला कण दिसतात. वाळूची गाळणी फुटली, तुरटी कमी पडली, की हा आकडा आधी चढतो. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एकक असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात.

दुसरी खूण उरलेल्या क्लोरीनची. क्लोरीन जंतू मारता मारता खर्ची पडतो. सारी घाण संपल्यावर जो शिल्लक राहतो तो वाटेतल्या संकटासाठी शिदोरी असतो. ही शिदोरी घरच्या नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावी, असे मानक सांगते. यंत्रात दोन धातूंची टोके पाण्यात असतात. क्लोरीन जितका अधिक तितका त्यांच्यातून जाणारा विजेचा सूक्ष्म प्रवाह अधिक. क्लोरीन एकाएकी घसरला तर समजावे की एक तर औषध थांबले, नाही तर कुठून तरी मैला पाण्यात शिरून त्याला खाऊ लागला.

तिसरी खूण आंबट-खारटपणाची, जिला आपण मुलांच्या पुस्तकात पीएच म्हणून वाचतो. ती साडेसहा ते साडेआठ असावी. ती फार चढली तर क्लोरीनचे बळ कमी होते. आणि चौथी खूण विद्युतवाहकतेची. पाण्यात क्षार जितके अधिक तितकी त्यातून वीज सहज जाते.

ही चौथी खूण प्रयोगशाळांना फार महत्त्वाची. तुमच्या रक्ताची तपासणी ज्या यंत्रांवर होते त्यांना अतिशुद्ध पाणी लागते. त्यात क्षारांचा अंश राहिला तर रक्तातले कॅल्शियम किती आणि पाण्यातले किती हे कसे कळणार? म्हणून तिथे पाण्याच्या नळीतच मापक बसवलेला असतो आणि आकडा बिघडला की ते पाणी पुढे जाऊच दिले जात नाही. ज्यांच्या घरी कोणी डायलिसिसवर आहे त्यांना तर हे जिवाचे आहे. आपण दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो आणि आपले आतडे त्याची चाळण करते. डायलिसिसच्या चार तासांच्या एका बैठकीत रुग्णाच्या रक्तापासून एका पातळ पडद्यापलीकडून सुमारे १२० लिटर पाणी वाहते. जो क्लोरीन आपला रक्षक, तोच तिथे तांबड्या रक्तपेशी फोडतो. जी तुरटी आपण माठात फिरवतो तिच्यातल्या ॲल्युमिनियमने १९७० च्या दशकात परदेशातल्या कित्येक डायलिसिस रुग्णांच्या मेंदूला इजा झाली. तेव्हा एकाच पाण्याला प्यायला एक कसोटी आणि रुग्णालयात दुसरी. तिथे कोळशाच्या गाळणीनंतरचे पाणी प्रत्येक पाळीपूर्वी तपासायचे असते. आपल्या माणसाला घेऊन जाल तेव्हा तिथल्या तंत्रज्ञाला नम्रपणे विचारा, "आज तपासले का?" विचारण्यात कमीपणा नाही.

आता एक दूरची, पण खरी घडलेली गोष्ट ऐका. कॅनडात ओंटारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. २००० सालच्या मे महिन्यात तिथे मुसळधार पाऊस झाला. जवळच्या शेतातल्या गुरांच्या शेणखतातले जंतू पावसाबरोबर गावच्या एका उथळ विहिरीत उतरले. त्या पाण्यात क्लोरीन घातला जात होता, पण जो होता तो घाणीने केव्हाच खाऊन टाकला. उरलेला क्लोरीन रोज मोजायचा असा नियम होता. काम पाहणारे दोघे भाऊ होते. ते मोजत नसत. वहीत मात्र ०.५ किंवा ०.७५ असा ठरावीक आकडा लिहून ठेवत. पाणी दूषित असल्याचा प्रयोगशाळेचा निकाल आला, तोही दडवला गेला. शेजारच्या ओवेन साउंड गावातल्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे रक्ताचे जुलाब होणारी मुले आली. त्यांनी आरोग्य खात्याला कळवले, तेव्हा शोध सुरू झाला. पाणी उकळून प्या, अशी सूचना २१ मे रोजी निघाली. तोवर उशीर झाला होता. सात माणसे दगावली, सुमारे २,३०० आजारी पडली.

न्यायमूर्ती ओकॉनर यांनी त्याची चौकशी केली आणि २००२ साली अहवाल दिला. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले की त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा अखंड मोजणारी यंत्रे असती तर ही साथ टळली असती. क्लोरीन घसरताच यंत्राने हाक मारली असती, पंप बंद पडला असता. यंत्र खोटा आकडा लिहीत नाही.

लिहीत नाही, असे मी म्हटले खरे; पण इथेच मला माझी दुसरी कबुली द्यायची आहे.

२००३ सालचा ऑगस्ट होता. आमच्या केंद्रात क्लोरीन मोजणारे नवे यंत्र आले होते. पडद्यावर आकडा दिसे आणि कागदावर रेघ उमटे. आम्हांला त्याचे कोण कौतुक! त्याच्या टोकांवर शेवाळ आणि गाळ चढतो, म्हणून ती आठवड्याला धुवावी लागत आणि माप पुन्हा जुळवावे लागे. आपण किराणा दुकानाच्या तराजूचा काटा पाहतो ना, तसेच. हे करताना उगीच धोक्याची घंटा वाजू नये म्हणून यंत्रात एक सोय असते. बटण दाबले की आकडा होता तिथे थांबून राहतो. काम संपले की बटण पुन्हा दाबून तो मोकळा करायचा. त्या संध्याकाळी मी टोके धुतली, माप जुळवले, आणि धाकट्याला ताप असल्याने घाईने घरी निघाले. आकडा मोकळा करायचा राहिला.

रात्री क्लोरीनचे नळकांडे संपले. पाण्यात औषध पडणे थांबले. यंत्र मात्र आठ तास ०.६, ०.६ असेच सांगत राहिले. रात्रपाळीचा माणूस निर्धास्त होता. पहाटे आमचे जुने परिचर कामावर आले. फार शिकलेले नव्हते, पण तीस वर्षे पाण्यापाशी काढलेली. त्यांनी कागदावरची रेघ पाहिली. ती पट्टीने आखावी तशी सरळ होती. त्यांनी काही न बोलता काचेच्या नळीत पाणी घेतले, औषध टाकले. रंग आलाच नाही.

मी पोहोचले तेव्हा ते म्हणाले, "बाई, पाण्याचा आकडा असा गप्प बसत नसतो. जिवंत पाणी जरा तरी हलतंच."

सकाळचा पुरवठा आम्ही रोखून धरला. जलकुंभातल्या पाण्यात ब्लीचिंग पावडर मिसळली, अर्धा तास थांबलो, पुन्हा तपासले, मग पाणी सोडले. शहराला पाणी दोन तास उशिरा मिळाले. लोकांनी दूरध्वनीवरून आमचा यथेच्छ उद्धार केला. मला तो गोड वाटला. पुढचे पंधरा दिवस मी दवाखान्यांतून चौकशी करीत होते. सुदैवाने काही विपरीत घडले नाही. वरिष्ठांना मी माझी चूक लेखी दिली आणि त्यांनी मला लेखी ताकीद दिली. ती मी जपून ठेवली आहे. त्या दिवसापासून केंद्रात नियम झाला की यंत्र असो वा नसो, दर पाळीला एकदा हाताने तपासायचेच आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे. यंत्र अखंड जागे राहते, पण ते जागे आहे की नाही हे पाहायला माणूस जागा लागतो.

आणि दोघेही जागे असले तरी एक गोष्ट उरते. यंत्राला तेवढेच दिसते जे त्याला पाहायला शिकवले आहे. दिल्लीची १९५५ ची गोष्ट बघा. पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलटे फिरून वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आले. केंद्रातल्या लोकांना पाणी बिघडल्याचे दिसले. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. त्यामुळे विषमज्वर, हगवण यांची साथ आली नाही. पण डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. काविळीचा सूक्ष्म विषाणू त्या मात्रेला दाद देणारा नव्हता. पुढे १९८० मध्ये पुण्याच्या विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने जपून ठेवलेल्या रक्तद्रवांची परीक्षा झाली, तेव्हा ही तोवर माहीत असलेल्या दोन काविळींपैकी नव्हे, हे उघड झाले. आज तिला आपण ई प्रकारची कावीळ म्हणतो. ती गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, फार घातक ठरते. म्हणून लेक किंवा सून गरोदर असेल त्या घरात पावसाळ्यात पाणी उकळूनच द्यावे, मग नळाचा आकडा काही का असेना.

आता आपल्या गल्लीकडे येऊ. केंद्रातून पाणी चांगले निघते असे धरून चाला. ते आपल्या घरी किती वेळ येते? सकाळी दीड तास. उरलेले साडेबावीस तास नळ रिकामा असतो. भरलेल्या नळातून पाणी बाहेर गळते. रिकाम्या नळात बाहेरची घाण आत शिरते. चावीवाल्याने पाणी सोडले की ती घाण आधी आपल्या घरी येते. आपल्या सासवा पहिले पाणी बादलीभर सोडून द्यायच्या, ते उगीच नव्हे. केंद्रातले यंत्र कितीही महाग असो, त्याला आपल्या कोपऱ्यावरचे गंजके भोक दिसत नाही. ते दिसायला आपल्या नळाशी कोणी तरी उभे असावे लागते.

इथे एक सावधगिरीचा शब्द. हल्ली दारावर विक्रेते येतात. पाण्यात पेनासारखे यंत्र बुडवून दाखवतात आणि म्हणतात, "बघा, ताई, आकडा किती! हे विष पिता तुम्ही." ते पेन फक्त विरघळलेले क्षार मोजते. मानकाप्रमाणे ५०० पर्यंत क्षार असलेले पाणी उत्तम. त्या पेनाला एकही जंतू दिसत नाही. गटार मिसळलेल्या पाण्याचा आकडा निर्मळ विहिरीपेक्षा कमीही निघू शकतो. दुसरे विक्रेते पाण्यात विजेच्या दोन सळया सोडतात आणि पाणी तपकिरी, घाणेरडे होते. तो त्या लोखंडी सळयांचाच गंज असतो. पाण्यात क्षार असले म्हणजे वीज वाहते आणि सळई झिजते, एवढेच. तेव्हा घाबरून पैसे मोजू नका. आधी विचारा, "हे यंत्र नक्की काय मोजते?"

तर माझी मंडळाला सूचना अशी आहे. मोठी यंत्रे आपल्याला परवडणारी नाहीत आणि त्यांची जरुरीही नाही. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यांतून प्रत्येक गावच्या पाच बायकांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना केली गेली. खेड्यातल्या बहिणी करतात ते आपल्याला का जमू नये? आपल्या गल्लीत तीन नळ निवडू: पहिला जलकुंभाजवळचा, दुसरा सभागृहाचा, तिसरा अगदी शेवटच्या घराचा. शेवटचा सर्वांत महत्त्वाचा, कारण क्लोरीन तिथे पोहोचेपर्यंत थकतो. तीन घरच्या तिघी, आठवड्याची पाळी. पाणी सुटल्यावर पाच मिनिटांनी एकदा आणि जाण्यापूर्वी एकदा, नळीत पाणी घ्यायचे, गोळी टाकायची, रंग पट्टीशी जुळवायचा आणि आकडा लिहायचा. काम पाच मिनिटांचे.

आकडा ०.२ च्या खाली गेला तर त्याच क्षणी गल्लीत निरोप जाईल: पाणी उकळा. त्याच वेळी नगरपालिकेला कळवायचे. तक्रार म्हणून नव्हे, तारीख, वेळ आणि आकडा यांच्यासह माहिती म्हणून. "पाणी घाण येते" या वाक्याला कोणी दाद देत नाही. "सोमवारपासून तीन दिवस शेवटच्या नळाला शून्य" या वाक्याला टाळता येत नाही. गच्चीवरच्या टाक्याही वर्षातून दोनदा धुवायच्या. त्याची तारीख त्याच वहीत.

आणि त्या वहीचा नियम एकच. दिसेल ते लिहायचे, असायला हवे ते नव्हे. एखादे दिवशी राहून गेले तर "राहिले" असे लिहावे. त्यात लाज नाही. वॉकर्टनच्या वहीत एकही जागा कोरी नव्हती, हे विसरू नका. आणि आठ दिवस एकच आकडा दिसला तर मला बोलवा, म्हणजे आपण गोळ्या जुन्या झाल्या का ते पाहू.

पेटी मी आज मंडळाला देत आहे. गोळ्या नव्या आणल्या आहेत. वहीचे पहिले पान मी काल लिहिले. त्यावर गेल्या श्रावणातली नोंद आहे: सभागृहाचा नळ, मंगळागौरीनंतर चौथा दिवस, क्लोरीन शून्य. त्याखाली मंगळागौरीच्या दिवसाची ओळ आहे. तिथे मी लिहिले आहे, "तपासायचे राहिले," आणि माझी सही केली आहे.

शेवटी मागच्या रांगेत बसलेल्या माझ्या भगिनीला सांगते. फराळात काही दोष नव्हता. हे मला चौथ्या दिवशी कळले होते आणि सर्वांसमक्ष सांगायला मी वर्ष लावले. मला क्षमा करा. यंदाच्या मंगळागौरीचा फराळ तुम्हीच करावा, अशी मंडळाच्या वतीने, अध्यक्षबाईंच्या परवानगीने, मी विनंती करते. त्या दिवशी सकाळी सरबताचे पाणी मी तपासून देईन, उकळून गार करून देईन, आणि पहिला पेला मी पिईन.

वहीत पहिल्या आठवड्याच्या पाळीसाठी तीन जागा मोकळ्या आहेत. चहाला उठण्यापूर्वी तेवढी तीन नावे मला मिळावीत.